शेवटचे साडेतीन किलो

साइटवर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. तो टॉवर क्रेन चालवायचा. सकाळी सातला शिडी चढून केबिनमध्ये बसला की पाचला खाली उतरायचा. बांधकामावरच्या निम्म्या लोकांनी त्याचा चेहरा धड पाहिलेला नव्हता, त्यांना ठाऊक होता तो वॉकीटॉकीवरचा आवाज. “विटा कधी येणार वर?” असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, “वरच्याची मर्जी.” नवा माणूस उगाच आभाळाकडे बघायचा आणि मग सगळे हसायचे.

मी त्या साइटवर स्टोअर सांभाळत होतो. खिळे, तार, हातमोजे, रंगाचे डबे, काय हवं ते माझ्या खिडकीतून सही करून न्यायचं. वजनकाटा माझ्याकडे होता, म्हणून या गोष्टीतलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

माणूस कामाला हिऱ्यासारखा. एकोणीस वर्षं क्रेन चालवली, पण त्याच्या हुकाखाली कुणाच्या बोटालाही इजा झाली नाही. दारापेक्षा मोठी काच तो सहाव्या मजल्यावर अशी टेकवायचा, की खालचे दोघं नुसता हात लावायला उभे. वारा किती आहे हे सांगायला वर यंत्र होतं, पण ते वाजायच्या आधी हाच सांगायचा, “थांबा दहा मिनिटं. झुळूक येतेय.” आणि यायची.

वरती त्याला काय आवडायचं, असं मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं, दूरवरचं दिसतं, ढग दिसतात, असलं काहीतरी सांगेल. म्हणाला, “वर कोणी ‘अहो’ म्हणत नाही.” घरी दोन खोल्या, त्यात बायकोचं शिवणयंत्र, शाळेतली लेक आणि कानाने अधू सासरे, म्हणजे टीव्ही पूर्ण आवाजात. त्याला दिवसाचे दहा तास शांतता मिळायची आणि त्यासाठी वर पगारही मिळायचा. याहून सुखी माणूस मी पाहिला नव्हता.

या सुखाचीच त्याला चरबी चढली. दहा तास खुर्चीत बसून फक्त मनगटं हलवायची. खाली उतरून जेवायचं तर शिडीवरून वीस मिनिटं उतरणं आणि पंचवीस मिनिटं चढणं, म्हणून डबा, चहा, गोड पाव, सगळं बादलीत दोरीने वर जायचं. ज्याला आपला माल लवकर उचलून हवा असेल तो बादलीत एक पाव जास्त टाकायचा. अशाने एकोणीस वर्षांत तो एकशे चोवीस किलोंचा झाला.

इमारत आठव्या मजल्यावर आली तेव्हा कंपनीने नव्या सेफ्टी मॅडम पाठवल्या. बाई सरळ होत्या, आवाज चढवत नसत, पण कागदावर लिहिलेलं त्यांच्याकडून इकडचं तिकडे होत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिडीवर वापरायचा बेल्ट मागवून त्यावरची पट्टी वाचली. कमाल वजन शंभर किलो. मग वरच्याला खाली बोलावलं आणि माझ्या काट्यावर उभं केलं.

“तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण शिडीवरून पाय सुटला तर हा बेल्ट तुम्हाला धरेल, असं मी लिहून देऊ शकत नाही. बूट, हेल्मेट, अंगावरचं सगळं धरून शंभर. त्याच्यावर असाल तोपर्यंत वर जाता येणार नाही.”

मी मध्ये तोंड घातलं. “मॅडम, जड माणसांचा बेल्ट मिळत असेल की.”

“बेल्ट मिळतो. पण शिडीला जी तार बसवलीय, ज्याला बेल्ट अडकतो, ती सगळी शंभरचीच आहे. एका माणसासाठी कंपनी ती बदलणार नाही. मी विचारलंय.”

विचारलंय म्हटल्यावर आमचं बोलणंच खुंटलं. बाई वाईट असत्या तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्याला नऊ महिन्यांची मुदत मिळाली. नऊ महिन्यांनी इथलं क्रेनचं काम संपणार होतं आणि पुढच्या साइटवर क्रेन कुणाकडे, हे त्याच दिवशी ठरणार होतं. तोवर वर दुसरा माणूस आणि आमचा वरचा खाली, सिग्नलवाला. म्हणजे हातात वॉकीटॉकी घेऊन वरच्या माणसाला डावीकडे, उजवीकडे, थांब, सोड, असं सांगत राहायचं.

बदली आलेला माणूस पन्नाशीचा, हडकुळा, एकसष्ट किलोंचा. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘काडी’ ठेवलं. बादलीतून त्याच्यासाठी पाव जायचे, अंडी जायची, केळ्यांचा अर्धा घड जायचा, आणि बादली रिकामी खाली यायची. त्याच्या अंगाला काही लागत नव्हतं. वरचा खाली उभा राहून ती बादली वर जाताना बघायचा. एकदा म्हणाला, “हा खातो कुठे आणि ठेवतो कुठे?”

पहिले सहा महिने मात्र आमच्या वरच्याने कमाल केली. साखर बंद, तळलेलं बंद, डब्यात उकडलेली भाजी, काकडी, दोन अंडी आणि मूठभर भात. घरी जाताना बस सोडून चालत जायचा. दुपारच्या सुट्टीत इमारतीचे जिने चढायचा, जितके मजले झाले असतील तितके. दर सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या खिडकीशी यायचा, बुटांसकट काट्यावर चढायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, “वाच.”

एकशे वीस. एकशे सतरा. एकशे बारा. मी मोठ्याने वाचायचो आणि रांगेतले लोक टाळ्या वाजवायचे. त्याच्या लेकीने घरी भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला होता, दर सोमवारी त्यावर एक लाल ठिपका. त्याची बायको लोकांचे कपडे बसते करून द्यायची, उसवून आत घेणं, लांबी कमी करणं, असली कामं. तिने नवऱ्याच्या पँटी चार वेळा आत घेतल्या. मला म्हणाली, “भाऊजी, आता यांचे दोन्ही खिसे मागे एकमेकांना भेटायला आलेत. नवीन पँटच शिवते.”

सहाव्या महिन्याच्या शेवटी आकडा आला एकशे तीन किलो पाचशे. राहिले साडेतीन. “तीन आठवडे,” तो म्हणाला. “फार तर चार.”

पुढच्या सोमवारी एकशे तीन चारशे. त्याच्या पुढच्या सोमवारी एकशे तीन सहाशे.

“काटा नीट आहे ना?”

मी खिळ्यांचं बंद खोकं ठेवून दाखवलं. पंचवीस किलोंचं खोकं, बरोब्बर पंचवीस.

मग चारशे. मग पुन्हा सहाशे. दोन महिने काटा तिथल्या तिथे घुटमळत राहिला. खाणं तेच, चालणं तेच, जिने उलट वाढलेले, कारण इमारत वाढत होती. आधी ज्या कष्टाला आठवड्याला किलो जायचा त्याच कष्टाला आता काही जात नव्हतं. टाळ्या हळूहळू बंद झाल्या. लोकांचा दोष नव्हता, त्याच आकड्याला टाळ्या तरी किती वेळा वाजवणार? मग लोक सल्ले द्यायला लागले. लिंबूपाणी पी. भात सोड. भात सोडू नकोस, भाजी सोड. उलटा चाल. सासऱ्यांनी टीव्हीच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, “मनावर घ्यायला पाहिजे!” त्या दिवशी तो जेवलाच नाही, असं वहिनी म्हणाल्या.

मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. रक्त तपासलं, सगळं नीट. डॉक्टरांनी त्याची वही वाचली. हो, तो वही ठेवायचा, काय खाल्लं, किती चाललो, सगळं. डॉक्टर म्हणाले, “तुमचं काहीच चुकत नाहीये. शरीराला कमी खाण्याची सवय झाली, ते आता थोडक्यात भागवायला शिकलंय. शेवटचे किलो असेच जातात, सावकाश. आहे ते चालू ठेवा.”

“किती दिवस?”

“ते नाही सांगता येत. तीन महिने, सहा महिने. घाई कशाला करता?”

घाई कशाला, हे त्याने सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “मी तुमच्या कंपनीला पत्र देऊ शकतो, की हे प्रामाणिकपणे प्रयत्न करतायत.”

“पत्राने शिडीची तार जाड होते का?” तो म्हणाला. उद्धटपणे नाही, खरंच विचारल्यासारखं.

बाहेर आल्यावर तो दवाखान्याच्या पायरीवर बसला. मला वाटलं, सगळं नीट आहे म्हटल्यावर बरं वाटेल. पण त्याचा चेहरा पडला होता. “अरे, काहीतरी चुकतंय म्हणाले असते तर सुधारलं असतं,” तो म्हणाला. “चुकतच नाहीये म्हणाले. आता मी काय करू?”

मी स्टोअरवाला माणूस. माझ्याकडे मागितलेली वस्तू नसली की मी ‘शिल्लक नाही’ असं लिहितो.

त्यानंतर एका सोमवारी एकशे दोन नऊशे आला. तो इतका खूश झाला की काडीला वॉकीटॉकीवरून कळवलं. काडी वरून म्हणाला, “वा! लवकर ये बाबा वर, मला इथे कंटाळा आलाय. बोलायला कोणी नाही.” काडीला वर करमत नव्हतं आणि याला खाली करमत नव्हतं, आणि दोघांचंही वजन बदलत नव्हतं. पुढच्या सोमवारी पुन्हा एकशे तीन तीनशे.

मी एकदा त्यांच्या घरी गेलो तर भिंतीवरचा आलेख नव्हता. चिकटपट्टीचे चार कोपरे तेवढे राहिले होते. लेक अभ्यास करत होती. मी भिंतीकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. हळूच म्हणाली, “काका, मी काढला. बाबा रोज त्याच्याकडे बघत जेवायचे.” आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. त्याला कागद काढल्याचं कळलं होतं, पण तो तिला काही बोलला नाही. वहिनींनी मला चहा दिला, त्याला नुसतं गरम पाणी. तो ते फुंकून फुंकून प्यायला.

शेवटच्या महिन्यात त्याने वही लिहायची सोडली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आकडे मात्र उतरायला लागले. एकशे दोन चारशे. एकशे एक नऊशे. मी विचारलं, “काय केलंस रे?” तर म्हणे, “काही नाही, धीर धरला.” चेहरा राखेसारखा झाला होता, बोलताना शब्द शोधायचा. एकदा त्याने काडीला डावीकडे म्हणायच्या जागी उजवीकडे सांगितलं. काडीने हुक हलवलाच नाही, वरून म्हणाला, “परत सांग.” म्हणून निभावलं. एकोणीस वर्षांत त्याच्याकडून असं झालं नव्हतं. तो दिवसभर तेच बोलत राहिला.

मुदतीच्या आधीचा शनिवार. सकाळी त्याने स्वतःहून येऊन वजन करून घेतलं. शंभर किलो सहाशे. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. सोमवारी मॅडम येणार होत्या. सहाशे ग्रॅम म्हणजे खिळ्यांचं छोटं पुडकं. दोन दिवसांत सहज, असं मी म्हणालो. मीच म्हणालो.

दुपारच्या सुट्टीत तो जिने चढायला गेला. सुट्टी संपली तरी खाली आला नाही. वॉकीटॉकीवर हाका मारल्या, उत्तर नाही. मी आणि एक गवंडी धावत वर गेलो. सतराव्या मजल्यावर तो भिंतीला टेकून पडला होता. शुद्ध होती, पण ओठ सुकून पांढरे झालेले. म्हणाला, “उठतो. एक मिनिट.” आणि उठता येईना. आणखी दोघं धावत आले, आणि सतरा मजले आम्ही चौघांनी त्याला प्लायवूडच्या फळीवर निजवून उतरवलं. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, “जड आहे ना अजून?” सगळ्यांना धाप लागली होती.

त्याने शुक्रवारपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. एक बाटली झाली, दुसरी लावली. तो बाटलीकडे एकटक बघत होता. नर्सला म्हणाला, “बास झालं आता.” ती म्हणाली, “अहो, अजून अर्धी आहे.” वहिनी आल्या, त्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर ओरडल्या. “मला क्रेन नको! मला माणूस हवाय घरात! कळतंय का?” त्याने मान हलवली. त्याला कळत होतं. पण संपेपर्यंत त्याने बाटलीवरची नजर काढली नाही.

सोमवारी तो आलाच. वहिनींनी येऊ नका म्हटलं होतं, डॉक्टरांनीही. सात वाजता माझ्या खिडकीशी, बूट, हेल्मेट, सगळं अंगावर. एकशे एक किलो सातशे.

“दोन बाटल्या,” तो म्हणाला. “दोन महिन्यांची मेहनत एका दुपारी नसांतून परत घातली.”

मॅडम यायला अजून दहा मिनिटं होती. मी दार लोटलं. आता जे सांगतो ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. काट्याला शून्याचं बटण असतं. दोन किलोंची पिशवी ठेवायची, बटण दाबायचं, मग पिशवी काढून घ्यायची. पुढे जो कोणी उभा राहील त्याचे दोन किलो गायब. मी पिशवी हातात घेतली आणि त्याला म्हणालो, “तू फक्त काही बोलू नकोस.”

तो पिशवीकडे बघत राहिला. पाच-सात सेकंद तरी त्याला ते हवं होतं, हे मी शपथेवर सांगतो. मग म्हणाला, “बेल्टला आहे का असलं बटण?”

“तू कधी पडलायस का एकोणीस वर्षांत?”

“नाही. पण शनिवारी पडलो ना.”

मी पिशवी खाली ठेवली. 

मॅडम आल्या. त्यांनी आकडा पाहिला, आणि पाहतच राहिल्या, जणू त्या थांबल्या तर तो खाली येईल. त्यांना शनिवारचं कळलं होतं. त्यांनी कागदावर आकडा लिहिला. म्हणाल्या, “तुम्ही बावीस किलो उतरवलेत. मी असं कुणी पाहिलेलं नाही.” आणि मग, “पुढच्या साइटसाठी मला आज नाव द्यायचंय.”

“द्या,” तो म्हणाला. “काडी चांगला आहे. हात हलका आहे त्याचा.”

मॅडम गेल्या. काडीने दिवसभर वॉकीटॉकीवर कामापुरतंच तोंड उघडलं. संध्याकाळी खाली उतरल्यावर तो याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मी मागितलं नव्हतं रे.” हा म्हणाला, “माहीत आहे.” दोघं एकाच बसने गेले.

महिनाभराने क्रेन सुटी करून ट्रकवर चढवली. ते काम खालून त्यानेच सांभाळलं, एकेक तुकडा. त्यानंतर त्याला एका गोदामात फोर्कलिफ्टवर काम मिळालं. ती गाडी चालवायला वजनाची अट नाही. तिथे तो दिवसभर छपराखाली असतो आणि भोंगे वाजत असतात. घरी उकडलेलंच खातो. वहिनी म्हणतात, “आता कशासाठी, असं विचारायचं धाडस मला होत नाही, भाऊजी. आणि नका खाऊ असं, हेही म्हणवत नाही.”

मी दुसऱ्या साइटवर आलो. स्टोअर तसंच, काटा दुसरा. परवा सकाळी कामाच्या वेळेत त्याचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज.

“नव्याण्णव चारशे,” तो म्हणाला.

“बुटांसकट?” मी विचारलं.

“बुटांसकट. हेल्मेट पण घातलं होतं. औषधाच्या दुकानातला काटा आहे. दुकानदार हसला.”

“वा,” मी म्हणालो. “मग आता?”

“आता काय? तीन ठिकाणी विचारलं. क्रेन कुठेच रिकामी नाही. एका ठिकाणी म्हणाले, वर्षभर वर गेलेला नाहीस, पुन्हा परीक्षा दे. परीक्षा कधी आहे ते त्यांनाही माहीत नाही. घरी सांगितलेलं नाही अजून. बायको रडेल. कशाने रडेल तेच मला कळत नाही. कुणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून तुला.”

“चांगलं केलंस.”

“उद्या परत शंभरच्या वर जाईल. बघितलंय ना तू, याचं काही खरं नसतं.”

“नाही जाणार,” मी म्हणालो. पण मला तरी काय माहीत?

त्याला कुणीतरी हाक मारली. “आलो, आलो,” तो तिकडे ओरडला आणि फोन बंद झाला. माझ्या खिडकीशी चार माणसं उभी होती, पहिल्याला अडीच इंची खिळे हवे होते. मी उठून मोजायला लागलो.